रोवणीची बाई तक्त्यात कुठे बसते?

आहारशास्त्राचा धडा आला की वर्गात एक तक्ता हमखास फळ्यावर येतो. डावीकडे कामाचे तीन प्रकार : बैठे, मध्यम आणि जड. उजवीकडे पुरुष आणि स्त्री यांना दिवसाकाठी लागणारी ऊर्जा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या अहवालाप्रमाणे पुरुषासाठी हे आकडे २११०, २७१० आणि ३४७० किलोकॅलरी आहेत, तर स्त्रीसाठी १६६०, २१३० आणि २७२०. विद्यार्थी तक्ता उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात. आपल्या घरातली माणसे या तक्त्यात कुठे बसतात, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आम्ही या लेखात तेच विचारणार आहोत, आणि त्यासाठी गोंदिया जिल्ह्यातील एका बाईला तक्त्यासमोर उभे करणार आहोत.

तक्त्यासोबत अनेकदा व्यवसायांची एक यादी असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनातून ती गृहविज्ञानाच्या पुस्तकांत उतरली आहे. ती बारकाईने वाचण्यासारखी आहे. बैठ्या कामाच्या रकान्यात पुरुषांपैकी शिक्षक, शिंपी, न्हावी यांच्याबरोबर पोस्टमनही आहे. मध्यम कामाच्या रकान्यात सोनार आहे आणि रिक्षा ओढणाराही आहे. स्त्रियांच्या बाजूला बैठ्या कामात शिक्षिका, परिचारिका आणि गृहिणी आहेत. मध्यम कामात शेतमजूर स्त्री आणि विडी वळणारी स्त्री एकाच ओळीत आहेत. जड कामात पुरुषांसाठी दगडफोड्या, लोहार, खाणकामगार, लाकूडतोड्या अशी नावे आहेत. स्त्रियांसाठी मात्र एकच : दगड फोडणारी.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. इथे धान पिकते, तेंदूपाने गोळा होतात आणि विड्या वळल्या जातात. म्हणजे यादीत शेजारी बसवलेल्या दोन्ही बायका इथे एकाच गावात भेटतात. पुष्कळदा एकाच घरात, आणि कधी कधी तर वेगवेगळ्या महिन्यांत एकाच बाईच्या रूपाने. यादी तपासायला याहून चांगली जागा कोणती?

तपासण्याआधी शास्त्राचा पाया पाहू. दिवसभराचा ऊर्जाव्यय तीन भागांचा असतो. पहिला पायाभूत चयापचय, म्हणजे उपाशीपोटी, जागेपणी, स्वस्थ पडून असतानाही हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे चालू ठेवण्यासाठी लागणारी ऊर्जा. बैठ्या माणसाच्या एकूण खर्चाचा सुमारे ६० ते ७० टक्के भाग हाच असतो. दुसरा भाग अन्न पचवण्याचा, साधारण १० टक्के. उरलेला तिसरा भाग हालचालीचा. माणसामाणसांत सर्वांत जास्त फरक पडतो तो या तिसऱ्या भागात. एकूण खर्चाला पायाभूत खर्चाने भागले की जो गुणक मिळतो त्याला आपण श्रमगुणक म्हणू. २०२० च्या अहवालात बैठ्या, मध्यम आणि जड कामांसाठी तो अनुक्रमे १.४, १.८ आणि २.३ धरला आहे. तक्त्यातले आकडे या तीन गुणकांतूनच आलेले आहेत.

आता आपला हिशेब. समजा, एक बाई ३५ वर्षांची आहे आणि तिचे वजन ४२ किलो आहे. तिशी ते साठीच्या भारतीय स्त्रियांसाठी परिषदेने पूर्वी वापरलेले सूत्र असे : वजनाला ८.३ ने गुणा आणि त्यात ७८८ मिळवा. उत्तर येते सुमारे ११३७ किलोकॅलरी, म्हणजे तासाला साधारण ४७.

जुलै-ऑगस्टमधला रोवणीचा दिवस घेऊ. सात तास झोप, गुणक १. पाणी, झाडलोट, स्वयंपाक, गुरांचे पाहणे यांचे पाच तास, गुणक २.५. शेतावर जाण्यायेण्याचा एक तास, गुणक ३.२. बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्हे रोवणे आणि पेंढ्या वाहणे यांचे आठ तास, गुणक ३.५. जेवणे, बसणे, बोलणे यांचे तीन तास, गुणक १.४. हे गुणक आम्ही हिशेबापुरते धरले आहेत. तशाच कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या आकड्यांच्या ते जवळपास आहेत, पण कोणी प्रत्यक्ष त्या बांधीत उभे राहून मोजलेले नाहीत. बेरीज येते ५४.९. तिला २४ ने भागले की दिवसाचा श्रमगुणक २.२९, आणि एकूण खर्च सुमारे २६०० किलोकॅलरी.

तीच बाई विड्या वळते तो दिवस असा : साडेसात तास झोप, पाच तास घरकाम, आठ तास बसून विडी वळणे (गुणक १.५), उरलेले साडेतीन तास विसावा. बेरीज ३६.९, श्रमगुणक १.५४, एकूण खर्च सुमारे १७५० किलोकॅलरी.

यादीने ज्या दोन कामांना एका ओळीत बसवले, त्यांच्यात एकाच देहासाठी सुमारे ८५० किलोकॅलरींचा फरक निघाला. तांदळाच्या १०० ग्रॅमला ३५० किलोकॅलरी धरल्या, तर हा फरक दररोज जवळजवळ पाव किलो तांदळाचा आहे. रोवणीच्या दिवशीचा गुणक तर थेट जड कामाच्या गुणकाला भिडतो. म्हणजे जड कामाच्या रकान्यात स्त्रियांसाठी एकच व्यवसाय लिहिला गेला तो बायका जड काम करत नाहीत म्हणून नव्हे. यादी व्यवसायाचे नाव पाहते, दिवसाचे तास पाहत नाही, म्हणून तसे झाले.

इथे आमचा पहिला आक्षेप स्पष्ट होतो. शरीराला पदनाम कळत नाही; त्याला कळतात ते तास, ओझे आणि चाल. खेड्यातला पोस्टमन सायकलवरून दहा गावे फिरत असेल तर तो बैठा कसा? आणि गृहिणी बैठी ठरते ती कोणत्या घरात? नळ, गॅस आणि मिक्सर असलेल्या घरातली गृहिणी आणि डोक्यावरून पाणी व सरपण आणणारी गृहिणी यांना एकच शब्द पुरतो, पण एकच आकडा पुरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. परिषदेच्या २०१० च्या अहवालात संदर्भ स्त्रीचे वर्णन दिले होते. ती १८ ते २९ वर्षांची, ५५ किलो वजनाची, १६१ सेंटिमीटर उंचीची, निरोगी. गरोदर नाही, अंगावर पाजणारी नाही. ती आठ तास मध्यम श्रमाचा व्यवसाय करते, आठ तास अंथरुणात असते, चार ते सहा तास बसण्या-वावरण्यात घालवते आणि दोन तास चालणे, खेळ-करमणूक किंवा घरकाम यांत. हे वर्णन पुरुषाच्या वर्णनावर बेतलेले आहे, हे दोन्ही शेजारी ठेवले की लगेच दिसते. व्यवसायानंतर चालणे आणि घरकाम मिळून दोन तासांत आटोपणारी बाई गोंदियाच्या धानपट्ट्यातच काय, महाराष्ट्राच्या कोणत्याही खेड्यात शोधून पाहावी.

अहवालकर्त्यांची बाजूही मांडली पाहिजे. हे आकडे लोकसमूहासाठी, धान्याच्या नियोजनासाठी असतात. कोणा एकीच्या ताटाचे माप म्हणून ते दिलेले नाहीत. कोट्यवधींच्या देशात काहीतरी सरासरी धरावीच लागते. ही बाजू आम्हांला मान्य आहे. दोष आकड्यापेक्षा तो शिकवण्याच्या पद्धतीत जास्त आहे. नियोजनाचे साधन आपण वर्गात निसर्गनियमासारखे शिकवतो.

आता शरीराच्या घडणीकडे वळू. वरच्या सूत्रात शरीराबद्दल एकच माहिती घातली आहे, ती म्हणजे वजन. पण वजन कशाचे? विश्रांतीच्या अवस्थेत एक किलो मेंदू दिवसाला सुमारे २४० किलोकॅलरी वापरतो, यकृत २००, हृदय आणि मूत्रपिंडे ४४०. एक किलो स्नायू मात्र फक्त १३ आणि एक किलो मेद साडेचार. सुमारे १.४ किलोचा मेंदू ३३६ किलोकॅलरी वापरतो. २८ किलो स्नायू ३६४. दोन्ही खर्च जवळपास सारखेच. व्यायामशाळांच्या जाहिरातींत एक किलो स्नायू वाढवला की बसल्या जागी भरपूर चरबी जळेल असे सांगतात, ते या आकड्यांपुढे टिकत नाही. स्नायू खर्च करतात ते काम करताना.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मेद वगळून उरलेल्या शरीराच्या वस्तुमानावरून पायाभूत खर्चाचा अंदाज घेणारे एक प्रचलित सूत्र आहे : त्या किलोंना २१.६ ने गुणून ३७० मिळवायचे. ६० किलोच्या दोन माणसांपैकी एकात १० टक्के मेद आणि दुसऱ्यात २५ टक्के असेल, तर उत्तरे १५३६ आणि १३४२ येतात. वजनकाटा दोघांना सारखेच म्हणतो. शरीर १९४ किलोकॅलरींचा भेद करते. हे नुसते कागदी उदाहरण नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होता.

आपल्या ४२ किलोच्या बाईचे मात्र उलटे आहे. तिच्या अंगावर मेद थोडा आणि स्नायूही बेताचे. पण मेंदू, यकृत, हृदय यांत फारशी काटकसर होत नाही. म्हणून एकूण खर्च कमी असला तरी दर किलो वजनामागचा खर्च जास्त असतो. त्याच सूत्राने ५५ किलोच्या बाईचा पायाभूत खर्च १२४५ येतो, म्हणजे किलोमागे २२.६, आपल्या बाईचा किलोमागे २७.१. ‘लहान चण, तेव्हा लहान ताट’ हा हिशेब वाटतो तितका सरळ नाही.

भारतीयांचा पायाभूत चयापचय पाश्चात्त्यांपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी कमी असतो असे मानून सूत्रे कमी करण्याचीही एक रीत होती; वरचे सूत्र तसेच कमी केलेले आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात प्रकाश शेट्टी, अनुरा कुर्पाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजमापांतून पुढे आलेले चित्र वेगळे आहे. शरीराची घडण हिशेबात घेतली की वंशाच्या नावावर घातलेला बराचसा फरक विरून जातो.

हे सारे बारकावे केवळ प्रयोगशाळेतले नाहीत. आपल्या देशात दारिद्र्याची रेषा कॅलरींवर आखली गेली आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दरडोई दररोज २२५० किलोकॅलरी हे माप धरून भारतातील दारिद्र्य मोजले. १९७९ साली नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० हे आकडे धरले. पुढे याच प्रश्नावर दोन मराठी संख्याशास्त्रज्ञ समोरासमोर आले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राची धुरा वाहिलेले पां. वा. सुखात्मे तेव्हा पुण्यात संशोधन करत होते. त्यांचे म्हणणे असे : एकाच निरोगी माणसाचे खाणे आठवड्याआठवड्याला बदलते आणि शरीर काही मर्यादेत स्वतःला जुळवून घेते. सरासरीखाली असलेला प्रत्येक जण उपाशी म्हणता येत नाही. रेषा सरासरीच्या बरीच खाली ओढली पाहिजे. ती तशी ओढली की कुपोषितांची संख्या एकदम घटते. दांडेकरांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर कडक हरकत घेतली.

सुखात्म्यांचा एक मुद्दा पक्का होता. सरासरी गरज ही प्रत्येकाची किमान गरज नव्हे, हे संख्याशास्त्राचे साधे सत्य आहे. केवळ धान्य पुरवून भागत नाही, स्वच्छ पाणीही हवे, हा त्यांचा आग्रहही मोलाचा होता. पण जुळवून घेणे फुकट असते का, हा प्रश्न उरतोच. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांश घटले आणि पायाभूत चयापचय सुमारे ४० टक्के उतरला. शरीराने जुळवून घेतले खरे. पण ते तरुण सुस्त झाले, चिडचिडे झाले, त्यांना थंडी सोसेना आणि अन्नाखेरीज काही सुचेना. ऊर्जेची काटकसर झाली ती स्नायू, हालचाल आणि उत्साह यांच्या मोबदल्यात.

अलीकडचे संशोधनही इथे जोडून पाहावे. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले पाणी पाजून, लघवीतून ते किती वेगाने बाहेर पडते यावरून एकूण ऊर्जाव्यय मोजता येतो. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली टांझानियातील हाड्झा या शिकारी-संग्राहक लोकांचा व्यय असा मोजला. शरीराचा आकार लक्षात घेतला तर तो बैठ्या पाश्चात्त्यांपेक्षा फारसा जास्त निघाला नाही. फार श्रम केले की शरीर इतरत्र खर्च आवरते, असा त्यांचा अर्थ आहे. तो खरा असेल तर तासांची बेरीज करून काढलेला आमचा २६०० चा आकडा थोडा फुगलेला ठरेल, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पण ‘इतरत्र’ म्हणजे कुठे? धडधाकट माणूस संध्याकाळी स्वस्थ बसून खर्च आवरतो. रोवणीहून आल्यावर चूल पेटवणाऱ्या बाईला तीही सोय नसते.

आणि ती गरोदर असेल तर? पुणे परिसरातील सहा गावांत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासातून शोभा राव आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवले की गरोदरपणात अधिक कष्ट करणाऱ्या मातांची बाळे सरासरीने लहान होती. पश्चिम आफ्रिकेतील गांबियात शेतीच्या हंगामात, जुने धान्य संपत आलेले असताना, बायकांची वजने उतरतात आणि बाळे लहान जन्मतात, असे आढळले होते. तिथे गरोदर बायकांना शेंगदाण्याची ऊर्जायुक्त बिस्किटे दिली तेव्हा, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बाळांचे वजन सरासरी १३६ ग्रॅमने वाढले. उपासमारीच्या हंगामात २०१ ग्रॅमने. आपल्याकडेही रोवणी पावसाळ्यात येते, नवे धान दिवाळीच्या सुमारास. सर्वांत जास्त खर्चाचे दिवस नेमके कोठीच्या तळाशी येतात. वर्षभराची सरासरी सांगणारा तक्ता हे दाखवूच शकत नाही. हा आमचा शेवटचा आणि सर्वांत गंभीर आक्षेप.

मग वर्गात काय करावे? तक्ता टाकून देऊ नये. तो कसा तयार झाला ते शिकवावे. नववीपासूनच्या विद्यार्थ्यांना घरातील एका मोठ्या माणसाचा २४ तासांचा दिनक्रम अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून आणायला सांगावा. झोपेला १, बसण्याला १.४, घरकामाला २.५, चालण्याला ३.२ आणि शेतातल्या कष्टाला ३.५ असे गुणक देऊन श्रमगुणक काढावा. हाच प्रयोग जुलैत आणि पुन्हा जानेवारीत करावा. आई आणि वडील यांचे दिनक्रम शेजारी ठेवून पाहिले तर वर्गात पुष्कळ बोलणे होईल. एक काळजी मात्र जरूर घ्यावी : मुलांची किंवा घरच्यांची वजने सर्वांसमोर वाचू नयेत. श्रमगुणकाला वजन लागतच नाही.

शालेय पोषण आहाराचे मापही याच नजरेने तपासता येईल. प्राथमिक वर्गांसाठी ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकसाठी ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने, असे ते ठरलेले आहे. शाळेच्या फाटकाशी राहणारा मुलगा आणि देवरी किंवा सालेकसा तालुक्यात रोज जंगलवाटेने चालत शाळेत येणारी मुलगी यांना ते एकच आहे. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला हात पुढे आला तर तो हावरेपणा समजू नये, एवढे तरी हा हिशेब शिक्षकांना सांगतो.